सगळ्यांना उद्देशून

‘सर्व कर्मचारी बंधूंना कळविण्यात येते की…’ अशी सुरुवात असलेली सूचना अजूनही पतसंस्थेत, कारखान्याच्या गेटवर, शाळेच्या कार्यालयात लावलेली दिसते. खाली सही करणारी अधिकारी कधीकधी स्त्रीच असते. मसुदा जुना, तारीख तेवढी नवी. कुणी हरकत घेतली की उत्तर मिळतं, ‘बंधूंमध्ये तुम्हीही आल्याच की, मॅडम.’

कायद्यानं ही सोय खरोखरच करून ठेवली आहे. १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं तेरावं कलम सांगतं की संदर्भ आड येत नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात. कायद्याचा अर्थ लावायला बसलेल्या वकिलाला त्याचा उपयोग होतो. सूचनाफलकासमोर उभी असलेली क्लार्क मात्र कलम वाचत नसते, ती हाक वाचत असते. लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं कोण होतं, हे तिला बरोबर कळतं. माझा आक्षेप एवढ्याच जागी आहे.

*

मराठीत प्रत्येक गोष्टीला लिंग आहे, मग आपण सर्वसमावेशक बोलणार कसं, असं तरुण सहकारी विचारतात. तक्रार अर्धी खरी आहे. खुर्ची ती, फळा तो, टेबल ते. क्रियापदसुद्धा लिंग सांगतं. पण समूहाशी समोरासमोर बोलताना मराठी फार मोकळी होते, हे आपण कधी लक्षातच घेतलेलं नसतं. ‘तुम्ही आलात का?’, ‘तुम्ही कधी निघाल?’, ‘तुम्ही काय ठरवलंत?’, ‘बसा’, ‘चला, सुरुवात करू या’. यातल्या एकाही वाक्यात बाई-पुरुष नाही. ‘आम्ही आलो’ हे बायकांचं टोळकंही म्हणतं आणि पुरुषांचंही. लिंग दिसतं ते एकवचनी ‘तू’मध्ये आणि विशेषणांमध्ये: ‘तुम्ही दमलेले दिसता’, ‘नवीन आलेले पुढे या’, ‘तुम्ही सगळे’. म्हणजे सावध राहायच्या जागा थोड्याच आहेत.

*

विभक्तीचा प्रत्यय लागला की अनेकवचनातलं लिंग बहुतेक वेळा गळून पडतं. सगळे, सगळ्या आणि सगळी, तिन्हींचं ‘सगळ्यांनी’ होतं. आलेले, आलेल्या, आलेली यांचं ‘आलेल्यांना’. जे, ज्या, जी यांचं ‘ज्यांना’. दोघी, तिघी, चौघी तेवढ्या ‘दोघींनी’, ‘तिघींनी’ म्हणून आपलं वेगळेपण राखून असतात, आणि राखावंच.

फलाटावरची उद्घोषणा आठवा: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.’ फलाटावर कोण नसतं? कामाला निघालेल्या बायका, कॉलेजची मुलं, हमाल, तृतीयपंथी, म्हातारी माणसं. एका वाक्यात सगळ्यांना हाक पोचते. या वाक्यानं दोन गोष्टी केल्या आहेत. माणूस त्या ठिकाणी ज्या नात्यानं उभा आहे, म्हणजे प्रवासी म्हणून, त्या नात्यानं त्याला बोलावलं. आणि वाक्य ‘प्रवाशांनी … द्यावे’ असं बांधलं, त्यामुळे क्रियापदाला कुणाचं लिंग घ्यावं लागलं नाही.

कार्यालयाला हाच नमुना पुरेसा आहे. ‘कर्मचाऱ्यांनी ओळखपत्र लावावे.’ ‘सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ ‘ज्यांना रजा हवी आहे त्यांनी सोमवारपर्यंत अर्ज द्यावा.’ कुठंही तिरकी रेघ नाही. ‘तो/ती’, ‘इच्छुक असलेले/असलेल्या’, ‘आपला/आपली विश्वासू’ अशा रेघांनी भरलेली परिपत्रकं वाचताना जीभ अडखळते, आणि मग लोक म्हणतात की ही समावेशक भाषा फार किचकट. किचकट ती वाक्यरचना आहे. जी वाक्यं गाडीच्या गर्दीत, गोंगाटात ऐकू यावीत म्हणून घडवली गेली, ती बघा किती सोपी आहेत.

*

शाळेच्या हजेरीपटावर आधी सगळ्या मुलांची नावं, मग सगळ्या मुलींची. वर्गात रोज सकाळी तोच क्रम कानांवर पडतो. पुढं आस्थापना विभागात याद्या करणारी माणसं त्याच वर्गांतून आलेली असतात.

*

बोलीत आणखी एक खजिना आहे, नपुंसकलिंगी अनेकवचन. ‘ती दोघं बाजाराला गेली.’ ‘घरातली माणसं आली.’ ‘मुलं खेळत होती.’ बाई आणि बुवा एकत्र असले की घरगुती मराठी सहज नपुंसकलिंगात जाते आणि कुणालाच वगळत नाही. ‘दोघे’, ‘दोघी’ आणि ‘दोघं’ अशी तीन रूपं आपल्याकडे आहेत. शेजारच्या हिंदीत हा तिसरा दरवाजा नाही.

कार्यालयात मात्र हे रूप उंबऱ्याबाहेर राहतं. इतिवृत्तात ‘सर्व सदस्य उपस्थित होते’ असंच येतं, ‘सगळी उपस्थित होती’ असं कुणी लिहीत नाही. कारण आदर. मोठ्यांविषयी आपण ‘ते आले’, ‘त्या आल्या’ म्हणतो, आणि नपुंसकलिंग लहान मुलांशी, घरच्यांशी जोडलेलं आहे. साहेबांविषयी ते वापरणं उद्धटपणाचं वाटतं. मला वाटतं, निदान बरोबरीच्या सहकाऱ्यांत बोलताना तरी हे रूप जिवंत ठेवावं. ‘आपण पाचजण’ म्हणताना त्यात तिघी असतील तर ‘आपण पाचही जणं’ म्हणायला काय हरकत आहे? पश्चिम महाराष्ट्रातल्या बोलण्यात ते ऐकू येतंच.

*

नपुंसकलिंग म्हणजे आपोआप समता, असं मात्र नाही. कोकणीत आणि मालवणीत लग्न न झालेल्या मुलीला नपुंसकलिंगच लागतं. ‘चेडूं’, म्हणजे मुलगी, आली की ‘तें आयलें’ म्हणतात. प्रेमानं म्हटलं जातं, पण त्यात ‘अजून लहान आहे’ हेही असतं. मराठीत ‘बाईमाणूस एकटं कसं जाईल’ या वाक्यातलं ‘एकटं’ असंच आहे. अनेकवचनात जे रूप सगळ्यांना सामावून घेतं, तेच एकवचनात एखादीला छोटं करू शकतं. नियम पाठ करून भागत नाही, कान लागतो.

*

कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली आणि बायका बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात नोकरीला आल्या की पहिल्याच आठवड्यात त्यांना कुणीतरी दुरुस्त करतं. कृपा करून करू नका.

*

यादीतल्या नावांआधीची अक्षरं. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण कामाच्या ठिकाणी सगळ्यांत जास्त बायका दुखावल्या जातात त्या इथं.

‘श्री.’ हे अक्षर पुरुषाविषयी काहीच सांगत नाही. त्याचं लग्न झालंय की नाही, बायको हयात आहे की नाही, घटस्फोट झालाय का, कशाचाच पत्ता लागत नाही. बाईच्या नावाआधी मात्र ‘कु.’ आलं तर लग्न व्हायचं आहे, ‘सौ.’ आलं तर नवरा आहे, ‘गं. भा.’ आलं तर नवरा गेला. ‘श्रीमती’ची गंमत नाही, गुंता आहे. सरकारी व्यवहारात तो सरसकट सगळ्या स्त्रियांसाठी चालतो, पण महाराष्ट्रात घरोघरी त्याचा अर्थ विधवा असाच घेतला जातो. त्यामुळे कार्यालयानं चांगल्या हेतूनं सगळ्यांना ‘श्रीमती’ लावलं, तरी एखादी आस्थापनेत येऊन हळूच सांगते, ‘माझं सौ. राहू द्या, घरी पत्रिका बघतात.’ तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्या समाजात नवरा असण्यावर बाईचा मान ठरतो, त्या समाजात ती राहते.

आणि याच्या उलट टोकाला ती बाई असते, जिचा नवरा गेला आणि महिनाभरात हजेरीपटावर, कुणी न सांगता, ‘सौ.’ खोडून ‘श्रीमती’ झालं. काम तेच, खुर्ची तीच, पगार तोच. बदललं फक्त हे अक्षर, आणि ते सगळ्या विभागाला दिसेल असं. पन्नाशीच्या अविवाहित अधिकारी बाईंना ‘कु.’ म्हणून व्यासपीठावर बोलावताना सभागृहात जी कुजबुज होते, तीही मी ऐकली आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांबाबतच्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं यांविरुद्ध एका गावानं उभं राहणं ही फार मोठी गोष्ट होती. त्यानंतर वर्षभरातच, एप्रिल २०२३ मध्ये, विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरावा अशी सूचना राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढं आली आणि तिच्यावर चौफेर टीका झाली. हेतू सन्मानाचा सांगितला गेला. पण सन्मानाचा शब्द शोधायची गरजच का पडावी? ज्याची बायको गेली त्या पुरुषासाठी असा कुठला शब्द सरकार शोधत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. लग्नपत्रिकेत, हळदीकुंकवाच्या निमंत्रणात जिला जे हवं ते तिनं लावावं. कार्यालयाच्या यादीत कुणाच्याच नावाआधी काही नको. नाव, पद, विभाग. सत्काराच्या वेळी नाव पुकारतानाही तेवढंच. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारनं ठरवला. वर्षानुवर्षांचा नमुना एका निर्णयानं बदलता येतो, हे त्यातून दिसलं. कार्यालयाची यादी तर त्याहून कितीतरी लहान गोष्ट.

*

रुग्णालयातली हाकांची उतरंड. डॉक्टर बाई असो वा बुवा, ‘डॉक्टर’. परिचारिका ‘सिस्टर’, परिचारक ‘ब्रदर’. सफाई करणारी ‘मावशी’, मग ती पंचविशीची का असेना. स्ट्रेचर ढकलणारा पन्नाशीचा माणूस ‘वॉर्डबॉय’, नाहीतर ‘मामा’. म्हणजे पद जितकं वर, तितकं हाकेतलं लिंग आणि नातं कमी. पद जितकं खाली, तितकं माणसाचं नाव हरवतं आणि उरतं ते बाईपण किंवा पोरपण.

नात्यानं हाक मारणं आपल्याकडं आदराचं आहे, ते सोडून द्यावं असं मी म्हणणार नाही. ‘आशाताई’ या हाकेत गावाची माया आहे. पण नातं नावासकट असावं. नुसत्या ‘ओ मावशी’पेक्षा नाव घेऊन ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हटलं की ती बाई एकदम दिसायला लागते. बैठक घेताना ‘डॉक्टर्स, सिस्टर्स, मावश्या आणि मामा’ अशी उतरती यादी म्हणण्यापेक्षा ‘या वॉर्डात काम करणाऱ्या सगळ्यांनी’ म्हणावं. त्यात डॉक्टरही येतात.

*

१९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. सभासदांत बहुसंख्य बायका. रस्त्यावर त्यांना जी हाक मारली जायची, ती ‘कचरेवाली’. संघटनेच्या नावात मात्र माल आहे, श्रम आहे आणि पंचायत आहे. ‘कष्टकरी’ हा शब्द बाईला लागतो, बुवाला लागतो, आणि दोघांचीही मान ताठ ठेवतो. नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं नेमकी कोण माणसं होती, हे त्या नावावरून कळतं.

*

‘सर’ आणि ‘मॅडम’शिवाय कार्यालय चालेल का? केरळातल्या पलक्कड जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीनं २०२१ मध्ये हे दोन्ही शब्द आपल्या कार्यालयातून काढून टाकले. येणाऱ्या नागरिकानं कर्मचाऱ्याला नावानं किंवा पदानं हाक मारावी, असं ठरलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगानं शाळांत ‘सर’, ‘मॅडम’ऐवजी ‘टीचर’ म्हणावं असा निर्देश दिला.

आपल्याकडं तहसील कार्यालयात अर्जाचा मायना ‘मा. तहसीलदार साहेब’ असाच छापलेला असतो. खुर्चीवर बाई असल्या तर तोंडी ‘मॅडमसाहेब’ होतं. ‘साहेब’ म्हटल्याशिवाय अधिकार पोचत नाही, असं अर्जदाराला वाटतं, आणि ‘मॅडम’ म्हटल्याशिवाय शिष्टाचार पाळला जात नाही. दोन्हींची बिचाऱ्याला गरज नाही. ‘मा. तहसीलदार यांस’ एवढं पुरतं. पदाला लिंग नाही.

न्यायालयांतही हेच. सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या, १९९४ मध्ये तिथल्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती. ‘माय लॉर्ड’ ही वसाहतकाळातली पुरुषी हाक टाळावी, असं बार कौन्सिल ऑफ इंडियानं २००६ मध्ये सांगितलं. सवय अजून सुटलेली नाही.

*

सरपंच, सभापती, महापौर, तहसीलदार, तलाठी, चालक, वाहक. आपल्या कारभारातले किती शब्द मुळातच दोघांना चालणारे आहेत. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा पदनामावर बरीच चर्चा झाली. शब्द तोच राहिला, आणि जळगाव जिल्ह्यातल्या बाईंनी तो पाच वर्षं सहज पेलला. अशा वेळी ‘महिला वाहक’, ‘महिला सरपंच’ म्हणायची सवय निदान हाक मारताना तरी सोडावी. वाहक म्हणजे वाहक.

‘लेखिका’, ‘शिक्षिका’, ‘संचालिका’ यांचं काय? इथं स्त्रीवादी मैत्रिणींतही एकमत नाही. कुणी म्हणतात, वेगळं रूप ठेवलं नाही तर बाई अदृश्य होते. कुणी म्हणतात, वेगळं रूप म्हणजे वेगळी रांग. मला दोन्हींत तथ्य दिसतं, म्हणून मी एवढंच पाळते: एका बाईविषयी बोलताना तिला जे रूप हवं ते, आणि सगळ्यांना मिळून हाक मारताना सामाईक शब्द.

*

पुण्यातून १९८९ पासून निघणाऱ्या मासिकाचं नाव विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ ठेवलं. ते पुरुषही वाचतात, त्यात पुरुषही लिहितात. स्त्रीलिंगी हाकेखाली पुरुष बसू शकतात, याचा हा चांगला पुरावा आहे.

त्याहून जुना पुरावा वारीत आहे. आळंदीहून पंढरपूरकडं चालणाऱ्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात. मिशीवाल्या शेतकऱ्याला माउली, नऊवारीतल्या आजीला माउली, बंदोबस्तावरच्या पोलिसालाही माउली. ‘माउली, पुढं सरका’ म्हटल्यावर कुठलाही पुरुष मागं वळून ‘मला बाई का म्हणता’ असं विचारत नाही. ‘मंडळी’ हाही शब्द स्त्रीलिंगीच, ‘सगळी मंडळी जमली’, आणि त्यात कीर्तनाला बसलेला सगळा गाव येतो. कार्यालयाच्या बैठकीला ‘नमस्कार मंडळी’ इतकी चांगली सुरुवात मला दुसरी माहीत नाही.

*

भाषणाच्या सुरुवाती. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सभेला हाक मारली ती आधी भगिनींना, मग बंधूंना. अमीन सयानींनी १९५२ पासून रेडिओवर गीतमाला सादर केली, त्यांच्याही तोंडी ‘बहनों और भाइयों’ असायचं. आधी बहिणी. घरात एकटीनं रेडिओ लावून बसलेल्या बाईला आपली दखल पहिली घेतली गेल्याचं नक्कीच जाणवलं असणार.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा ‘शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो’ हा मायना मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यामागं काम होतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरलं. पुढं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी, असा आग्रह शेतकरी संघटनेनं धरला आणि हजारोंनी तो मानला. खुरपणी, लावणी, कापूसवेचणी बायकांच्या हातची, तरी खताच्या जाहिरातीत आणि कृषी मेळाव्याच्या फलकावर आजही ‘शेतकरी बंधूंनो’च. चांदवडनंतर इतक्या वर्षांनी हे वाचताना वाईट वाटतं.

*

हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत ‘बंधूंनो’ची जागा ‘गाईज’नं घेतली आहे. ‘गाईज, सगळे जॉइन झाले का?’ मुलीही मुलींना ‘गाईज’ म्हणतात, तेव्हा त्यात काही वाईट नाही असं अनेकींचं मत आहे. मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण बारा पुरुष आणि एक बाई अशा बैठकीत टीम लीडर ‘गाईज…’ म्हणतो, मग तिच्याकडं बघून ‘अँड लेडी’ जोडतो, तेव्हा बारा माना वळतात. तिला कामाविषयी बोलायचं असतं आणि आधी ती बाई असल्याची नोंद होते. ‘मित्रांनो, आणि हो, आपल्या मॅडम’ हे त्याचंच मराठी रूप. आठवणीनं वेगळं नाव घेणं हाही कधीकधी वगळण्याचाच प्रकार असतो. तिथं ‘सर्वांना नमस्कार’ म्हणून कामाला लागावं.

*

लंडनच्या मेट्रोत २०१७ मध्ये ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’ला निरोप देऊन ‘सर्वांना सुप्रभात’ सुरू झालं. जपान एअरलाइन्सनं १ ऑक्टोबर २०२० पासून इंग्रजी उद्घोषणांत तेच केलं. आपण ‘प्रवाशांनी’ कधीपासून म्हणतो आहोत.

*

‘बंधू-भगिनींनो’ ही जोडी बायकांसाठी दार उघडते, पण तिसऱ्यासाठी लावून घेते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची वेगळी ओळख मान्य केली. २०१९ मध्ये त्यांच्या हक्कांसाठी कायदा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सुनावल्यावर राज्याच्या पोलीस भरतीत त्यांच्या अर्जाची सोय झाली. म्हणजे सहकारी म्हणून ही माणसं आता आपल्या शेजारच्या टेबलावर येणार आहेत, काही ठिकाणी आली आहेत. ‘सहकाऱ्यांनो’, ‘मंडळी’, ‘सर्वांनी’ यांत त्यांना जागा आहे.

एकट्या व्यक्तीशी बोलताना काय म्हणायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कोल्हापूरकडची बोली सोडली, तर मराठीत त्याचं उत्तर समोरची व्यक्ती बहुधा पहिल्याच वाक्यात देते. ‘मी आज लवकर आले’ किंवा ‘मी आज लवकर आलो’. तिच्या क्रियापदानं तिनं स्वतःविषयी सांगून टाकलेलं असतं. आपण ते नीट ऐकायचं आणि तसंच बोलायचं. ऐकू आलं नसेल तर ‘तुम्ही’ आहेच.

*

दुकानाच्या काचेवर: ‘कामासाठी मुलगा पाहिजे.’ ‘ऑफिस बॉय पाहिजे.’ ‘सेल्समन पाहिजेत.’ भरती करताना स्त्री-पुरुष भेद करू नये, हे समान मोबदल्याच्या कायद्यात १९७६ सालीच आलं होतं. दुकानदाराच्या मनात बहुधा भेद नसतोही. पण जिला काम हवं आहे ती काच वाचते आणि पुढं निघून जाते. ‘दुकानात मदतीला माणूस हवं’, ‘विक्रीसाठी कर्मचारी हवेत’ असं लिहिलं तर ती आत येऊन विचारेल.

*

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो कष्ट करणाऱ्या बायकाच घेतात. शब्द बदलून काय होणार? आधी डेपोत स्वच्छतागृह द्या, पाळणाघर द्या, रात्रीच्या पाळीला गाडी द्या. बरोबर आहे. मुंबईत २०११ मध्ये बायकांच्या संघटनांना ‘राइट टू पी’ची मोहीम काढावी लागली. पुरुषांसाठी मुताऱ्या फुकट आणि बायकांना पैसे, असा शहराचा रिवाज होता.

पण ती मुतारी बांधणाऱ्याच्या आणि ‘कर्मचारी बंधूंनो’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं: कामावर येतो तो पुरुष. चित्र बदललं की आराखडाही बदलतो आणि मसुदाही. स्वच्छतागृहाला निधी लागतो, मंजुरी लागते, वर्षं जातात. मसुदा आज दुपारीही बदलता येतो. एकाची वाट बघत दुसरं अडवून ठेवायचं कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिका काढली. निकालपत्रांत आणि युक्तिवादांत स्त्रियांविषयी कोणते शब्द टाळावेत आणि त्यांऐवजी कोणते वापरावेत, याची यादीच त्यात आहे. देशातलं सर्वोच्च न्यायपीठ आपल्या मसुद्यांकडं असं बघू शकतं, तर पतसंस्थेला अवघड काय?

*

म्हणून विनंती एवढीच. तुमच्या कार्यालयातल्या सूचनांचा जो ठरलेला साचा संगणकात आहे, तो या आठवड्यात एकदा उघडा. ‘बंधूंनो’च्या जागी ‘सर्वांना’ लिहा. नावांआधीची सौ., कु., श्रीमती आणि श्री. काढून टाका. ‘उपस्थित असलेले’ऐवजी ‘उपस्थितांनी’ करा. ‘साहेब’ पुसून नुसतं पद ठेवा. मग मोठ्यानं वाचून बघा, आणि टाइप करणाऱ्या सहकाऱ्यांनाही ऐकवा. कुठं अडखळलं तर ते सांगतील. साचा जतन करा, जुना काढून टाका.